पाळीचा त्रास आणि जनुकांचा अभ्यास : बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी जीवशास्त्र शिकवते. चार वर्षांपूर्वी आशाताईंच्या मासिक बैठकीत पाळीवर बोलायला मला बोलावलं आणि तेव्हापासून ते बोलावणं सुटलेलं नाही. तोंडाने विचारायला संकोच वाटतो म्हणून आम्ही बिस्किटाचा एक रिकामा डबा ठेवतो. त्यात चिठ्ठ्या पडतात. मोबाईलवर कुठेतरी ‘जीन टेस्टने पाळीचा आजार कळतो’ असं ऐकून आलेल्या चिठ्ठ्या हल्ली वाढल्या आहेत. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही जसेच्या तसे, लिहिणारीच्या बोलीत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी कोणती आणि किती हे इथे सापडणार नाही.

जीन म्हणजे काय, आणि ही ‘जनुक अभिव्यक्ती’ काय भानगड आहे?

पहिल्या बैठकीत एका काकूंनी ‘जीन म्हणजे पॅन्टच ना?’ असं विचारलं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या. हसणाऱ्यांपैकी किती जणींना उत्तर येत होतं देव जाणे.

आपल्याकडच्या घरात सासूबाईंना शंभर पदार्थ येत असतात. झुणका, पातोडी, भरीत, रोडगे, पुरणपोळी, सांडगे. पण म्हणून रोज शंभर पदार्थ चुलीवर चढतात का? रोज वरण-भात-भाजी-पोळी, पोळ्याला पुरण, शेतात पंगत असली की रोडगे आणि वांग्याची भाजी. येतं सगळं, शिजतं तेवढंच ज्याची गरज असते.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक पाककृतींची वही असते, ती डीएनए. तिच्यात प्रथिनं कशी बनवायची याच्या सुमारे २०,००० कृती असतात. एक कृती म्हणजे एक जनुक, म्हणजेच जीन. डोळ्याच्या पेशीत आणि गर्भाशयाच्या पेशीत वही तीच, पण उघडलेली पानं वेगळी. एखादी कृती करायची ठरली की पेशी ती एका चिठ्ठीवर उतरवून घेते. त्या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या निघाल्या हे मोजणं, म्हणजे आज चुलीवर काय चढलंय आणि किती माणसांचं चढलंय ते बघणं. याचंच नाव जनुक अभिव्यक्तीचं विश्लेषण.

सिकलसेलची तपासणी तर गावात झाली. तीही जीनचीच होती ना? मग ही वेगळी कशी?

हा प्रश्न विदर्भातच येऊ शकतो. आपल्याकडे ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) हे शब्द सातवीतल्या पोरीलाही ठाऊक असतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वहीतली कृतीच चुकलेली असते. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. ते जन्मापासून मरेपर्यंत तसंच राहतं, म्हणून तपासणी एकदा झाली की पुरते आणि कार्ड कायमचं असतं. अभिव्यक्तीचं तसं नाही. ती सकाळी वेगळी, रात्री वेगळी, पाळीच्या दुसऱ्या दिवशी वेगळी आणि विसाव्या दिवशी वेगळी. तिचं कार्ड निघू शकत नाही.

आता गंमत बघा. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या घरात जनुक अभिव्यक्ती बदलण्याचं औषध रोज घेतलं जातंय. बाळ पोटात असताना त्याचं रक्त वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवतं. जन्मानंतर काही महिन्यांत ती कृती मागे पडते. ही गोळी ते जुनं पान पुन्हा उघडायला लावते. चुकीची कृती दुरुस्त होत नाही, पण तिच्या जोडीला बाळपणीचं चांगलं हिमोग्लोबिन शिजू लागतं आणि कळा कमी येतात. (ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.)

बरं, पाळीशी याचा संबंध काय?

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं, गळतं आणि व्रण न राहता पुन्हा उभं राहतं. हे आयुष्यात चारेकशे वेळा. हातावरची साधी खरचटही एवढ्या सफाईने बरी होत नाही. आपल्या आजीच्या वाट्याला इतक्या पाळ्या आल्या नसतील, कारण अर्धी वर्षं बाळंतपणात आणि अंगावर पाजण्यात गेली.

पाळी येते ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक उतरल्यामुळे. गर्भ राहिला नाही की ते झपाट्याने खाली येतं आणि अस्तरातल्या पेशींच्या चुलीवरचा बेतच बदलतो. ‘कॉक्स-टू’ नावाचं जनुक जोरात चालू होतं आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळतं, म्हणून पोटात कळा येतात. पेशींमधलं बांधकाम कापणारी प्रथिनं निघतात, म्हणून अस्तर सुटतं. अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आकसतात, प्राणवायू कमी पडतो, आणि त्याच तुटवड्याचा इशारा घेऊन दुरुस्तीची जनुकं जागी होतात. मोडतोड आणि डागडुजी एकाच वेळी, शेजारी शेजारी चालू असते.

हे सगळं डोळ्यांनी बघायला एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० मध्ये माकडिणीच्या गर्भाशयाचं अस्तर तिच्याच डोळ्यात लावलं आणि बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यातून पाळी येताना पाहिली. असा उपद्व्याप का, तर पाळी फार थोड्या प्राण्यांना येते. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं, असे मोजकेच. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला येत नाही. गायीला माजानंतर थोडं रक्त दिसतं, ते पाळीचं नव्हे. म्हणजे पाळीच्या आजारांचा अभ्यास शेवटी बाईच्याच शरीरातून करावा लागतो, आणि त्याला फार उशीर झाला.

माह्या अंगावरून लय जाते, आठ-आठ दिवस. जीनमध्ये काही बिघाड असंल का?

असू शकतो, पण जीनपर्यंत जाण्याआधी बरीच घरं लागतात. जास्त रक्तस्राव हा एकच आजार नाही. २०११ मध्ये जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, फिगोने, त्याच्या कारणांचे नऊ कप्पे पाडले. अस्तरातला कोंब म्हणजे पॉलिप, गर्भाशयाच्या भिंतीत घुसलेलं अस्तर, गाठी, कर्करोग किंवा त्याआधीची वाढ, रक्त न गोठण्याचा दोष, अंडं वेळेवर न सुटणं, औषधं किंवा तांबी, अस्तराचाच बिघाड, आणि कुठेच न बसणारं. थायरॉईडने अंडं सुटणं बिघडतं, तेही यातच आलं. ज्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जातं, तिचा रक्त गोठण्याचा दोष तपासायला हवा. हे आपल्याकडे राहूनच जातं.

जनुक अभिव्यक्तीच्या अभ्यासाचा खरा उपयोग झाला तो ‘अस्तराचाच बिघाड’ या कप्प्यात. इथे सोनोग्राफी स्वच्छ येते, थायरॉईड बरोबर असतं, आणि बाईला सांगितलं जातं की ‘तुम्हाला काही झालं नाही’. एडिनबरामधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की अशा जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायांच्या अस्तरात पाळीच्या वेळी एचआयएफ-वन-अल्फा नावाचं प्रथिन कमी असतं. वर ज्या प्राणवायूच्या तुटवड्याचा इशारा सांगितला, तो झेलणारं प्रथिन हेच. ते कमी म्हणजे डागडुजीचा सांगावाच उशिरा पोचतो आणि रक्त जास्त दिवस जात राहतं.

त्या बाईला काही झालं नव्हतं असं नाही. झालं होतं, पण ते सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणाऱ्यातलं नव्हतं. मला या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. नवं औषध यायला वेळ लागेल, पण ‘नाटक करते’ म्हणणाऱ्याचं तोंड आजच बंद करता येतं.

जास्त म्हणजे किती, हेही विचारलं जातं. पुस्तकात एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त असं होतं. घरात कोण मोजणार? तास-दोन तासांत पॅड किंवा घडी भिजत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर जात असेल, कापूस वेचणीला जाता येत नसेल, तर ते जास्तच.

पोरीचं पोट पाळीत लय दुखते. लग्न झालं का थांबते म्हनते सारे. खरं आहे का?

लग्न हा पोटदुखीवरचा इलाज नाही. वयाने काही जणींचं दुखणं कमी होतं, बाळंतपणानंतरही होतं, त्याचं श्रेय लग्नाला मिळतं इतकंच.

दुखण्याचे दोन प्रकार समजून घ्या. एक प्रोस्टाग्लँडिनचं. पहिले एक-दोन दिवस कळा, उलटी, पातळ शौचाला होणं, मग बरं. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या थेट कॉक्स-टूचं काम अडवतात, म्हणून त्या दुखायला लागल्या लागल्या घेतल्या तर जास्त लागू पडतात. त्यानेच रक्तही थोडं कमी जातं. अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज आली तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. भारतीय औषधकोश आयोगाने या औषधाबद्दल २०२३ मध्ये तसा इशारा दिला आहे.

दुसरा प्रकार एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ रुजतात. जगात दर दहा बायांमागे सुमारे एकीला तो असतो असं मानतात. दुखणं वर्षागणिक वाढतं, पाळी नसतानाही दुखतं, संबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी दुखतं. निदानाला वर्षानुवर्षं लागतात, आणि हे शहरातल्या शिकल्या-सवरल्या बायांचं सांगते आहे.

अभिव्यक्तीच्या अभ्यासाने इथे पुष्कळ काही उलगडलं. या बायांच्या अस्तराला प्रोजेस्टेरॉनचा हुकूम नीट ऐकूच जात नाही. तो ऐकणारी प्रथिनं कमी बनतात, आणि त्या हुकमाने चालू व्हायला हवीत ती जनुकं मंद राहतात. बाहेर रुजलेल्या पेशी आणखी पुढच्या. अरोमाटेज नावाचं जनुक चालू करून त्या स्वतःच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात आणि त्यावरच वाढतात. म्हणजे भाड्याने राहणाऱ्याने घरातच विहीर खणली, तसं. काहींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, याचं एक कारण यात सापडतं.

सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. ते जीनमुळेच का?

आधी दुसरंच विचारते. मुलगी किती वर्षांची? पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हा विकार, ठरवू नये असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात अंडाशयात बारीक फोड दिसणं स्वाभाविक असतं. आमच्या बैठकीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या फायली घेऊन आया येतात, ‘हिला मूल होईल ना’ म्हणून रडतात, आणि फाईलमध्ये एका सोनोग्राफीपलीकडे काही नसतं. मला याचा राग येतो.

खरोखरच असेल, म्हणजे पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, पुरुषी संप्रेरक वाढलेलं आहे, तर घराण्याचा भाग असतोच. पण एक जनुक दाखवून ‘हे बघा’ असं म्हणता येत नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यावर वजन आणि इन्सुलिन. अंडाशयातल्या पेशी तपासल्या तेव्हा पुरुषी संप्रेरक बनवणारं सीवायपी-सेव्हंटीन हे जनुक त्यांच्यात जास्त चालू दिसलं. मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या आजाराशी जोडलेल्या जनुकांची एक मोठी नोंदवही संगणकावर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. हे काम आपल्या राज्यातलं आहे म्हणून मुद्दाम सांगते.

नमुना कुठून घेतात? हातातून रक्त काढलं की झालं ना?

नाही. वांग्याची भाजी शेजारच्या घरी शिजतेय आणि आपण आपल्या घरच्या भांड्यात बघतोय, असं होईल. गर्भाशयाचा बेत गर्भाशयातच बघावा लागतो. त्यासाठी प्लॅस्टिकची बारीक नळी योनीमार्गातून आत घालून अस्तराचा छोटा तुकडा ओढून घेतात. भूल लागत नाही, मिनिटभराचं काम असतं, पण कळ येते. ‘काहीच दुखत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिवस गेलेले नाहीत याची खात्री आधी करतात.

पूर्वी तो तुकडा अख्खा वाटून एकत्र मोजत. गावात लग्न आहे हे वासावरून कळावं पण कोणाच्या मांडवात काय शिजतंय ते कळू नये, तशी ती माहिती. गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक पेशी वेगळी करून तिच्या चिठ्ठ्या मोजता येऊ लागल्या. आता प्रत्येक मांडवात डोकावता येतं.

पाळीचं रक्त तपासतात असं ऐकलं. खरं की काय?

खरं आहे. न्यूयॉर्कच्या फाइनस्टाइन संस्थेत ‘रोझ’ नावाचा अभ्यास चालतो. बाया घरीच कपमध्ये पाळीचं रक्त गोळा करतात आणि थंड ठेवून पाठवतात. त्यात अस्तराच्या पेशी आयत्याच असतात, नळी घालायची गरज नाही. २०२२ मध्ये त्यांनी एकेका पेशीचा हिशेब मांडला. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायांच्या रक्तात गर्भाशयातल्या ‘एनके’ नावाच्या रक्षक पेशी कमी दिसल्या, आणि अस्तराच्या पेशी गर्भासाठी तयार होण्यात मागे पडलेल्या दिसल्या. हे अजून संशोधन आहे, दवाखान्यात मिळणारी तपासणी नाही.

ही चिठ्ठी मी वाचली तेव्हा खोलीत शांतता पसरली. ज्या रक्ताची घडी सगळ्यांच्या नजरेआड, दांडीच्या खालच्या अंगाला वाळवायची, ते डब्यात भरून कुणाच्या हातात द्यायचं? गडचिरोलीकडून लग्न होऊन आलेली एक वहिनी म्हणाली, ‘आमच्याकडे तर बाईलाच कुर्माघरात ठेवतेत, तिचं रक्त कोन हातात घेईन?’ (कुर्माघर म्हणजे पाळीतल्या बाईने वेगळं राहायची झोपडी.) मग तीच थोड्या वेळाने म्हणाली, ‘पन नळी घालून घेन्यापेक्षा हे बरं.’ मला वाटतं, आपल्या भागात हा अभ्यास कधी आलाच तर तो याच वाक्याच्या दाराने येईल.

इतक्या साध्या गोष्टीसाठी नमुने मुंबई-पुण्याला का पाठवायचे? इथेच का नाही होत?

आरएनए फार नाजूक असतं. डीएनए हजारो वर्षांच्या हाडातही सापडतं. आरएनए आपल्या बोटाच्या घामात असलेल्या विकरांनीही तुटतं. ते टिकवायला उणे ८० अंशांचा फ्रीजर लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांचा असतो, आणि त्यात लसींखेरीज काही ठेवायचं नाही हा नियम आहे, तो मोडायला कोणाला सांगू नका. आरएनए धरून ठेवणारं द्रव्य घातलेल्या रक्ताच्या नळ्या मिळतात, त्यात नमुना साधारण ३ दिवस टिकतो, पण १८ ते २५ अंशांत. ते तापमान आपल्याकडे मे महिन्यात कुठल्या खोलीत असतं? चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो.

एमएस्सीला असताना मी स्वतः मे महिन्यात आरएनए काढायला बसले होते. दुपारी दीड वाजता लाईट गेली ती संध्याकाळी आली. आरएनए शाबूत असतं तर जेलवर दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवे होते, दिसला नुसता धुरळा. पंधरा दिवसांची मेहनत गेली. त्या दिवशी मला आमच्या गावचे पशुवैद्यक आठवले. गायीच्या रेतनाच्या कांड्या ते मोटारसायकलवर नायट्रोजनच्या डब्यात, उणे १९६ अंशांत, गावोगाव नेतात. गायीसाठी जे दारापर्यंत येतं ते बाईसाठी आणणं अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये.

पाळी कोणत्या तारखेला आली हे इतकं खोदून का विचारतात?

कारण अस्तराचा बेत दिवसागणिक बदलतो. दहाव्या दिवसाचा नमुना आणि बाविसाव्या दिवसाचा नमुना शेजारी ठेवले तर फरक दिसणारच. तो आजाराचा आहे की तारखेचा हे कळणार नाही. जुन्या पुष्कळ अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं हे मोठं कारण.

आपल्याकडे बाया पाळी लक्षात ठेवतात ती बाजाराच्या दिवसावरून, नाहीतर चतुर्थी-एकादशीवरून. चुकीचं काहीच नाही, फक्त तिथीचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे तारखेत घोळ होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पहिल्या दिवशी एक टिंब द्या. कोणाला अर्थ सांगायची गरज नाही. टिंबांनी भरलेलं कॅलेंडर डॉक्टरपुढे ठेवलं की अर्धी तपासणी तिथेच होते.

नागपुरात ही टेस्ट करून मिळते का? किती पैसे लागतात?

पाळीच्या आजाराचं निदान जनुक अभिव्यक्तीने करून देणारी, दवाखान्यात सर्रास वापरावी अशी तपासणी आज नाही. कोणी गळ घातली तर पैसे देऊ नका.

एक तपासणी मात्र वंध्यत्वाच्या दवाखान्यांत सुचवली जाते. अस्तरातल्या २०० हून अधिक जनुकांच्या चिठ्ठ्या मोजून ‘बाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात ठेवायला योग्य वेळ कोणती’ हे सांगणारी ती ‘ईआरए’. विज्ञान रंजक आहे, पण अमेरिकेत तिची नीट परीक्षा झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला. ईआरएप्रमाणे वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के बायांना मूल झालं, नेहमीच्या वेळेने केलेल्यांत ६१.९ टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही. टेस्ट ट्यूब बेबीसाठी शेत गहाण टाकणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांनी या जादा तपासणीचं बिल भरण्याआधी डॉक्टरांना हे आकडे जरूर विचारावेत.

पिशवी काढायला सांगितली आहे. जीन तपासून ते टळेल का?

जीन तपासून नाही. पण साध्या तपासण्या करून टळू शकतं. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ अशा एका वाक्यावर पस्तिशीतल्या बायांच्या पिशव्या काढल्या गेल्याची उदाहरणं आपल्या राज्यात कमी नाहीत. बीडची ऊसतोड मजूर बाई आठवा. गाठ किती मोठी, अस्तर किती जाड, तुकडा तपासला का, गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी वापरून पाहिली का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून मागा. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणं हा पहिल्याचा अपमान नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, यवतमाळ-अकोल्याची शासकीय महाविद्यालयं यासाठीच आहेत.

एक अपवाद. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तर वाट बघू नका. तुकडा तपासलाच पाहिजे.

मग आज काय तपासायचं?

हिमोग्लोबिन. मग पुन्हा हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या. महिन्याला जास्त जातं म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून धाप, आणि धाप लागते म्हणून ‘कामचुकार’. सोबत थायरॉईड, गरज पडली तर सोनोग्राफी, आणि सिकलसेलची स्थिती माहीत नसेल तर ती. सिकलसेल असेल तर लोहाच्या आणि पाळीच्या गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. मुलींना शाळेतली निळी गोळी आठवड्याला मिळते. ती दप्तरात साठवू नका, खा.

आपल्याकडच्या बायांचा असा अभ्यास कोणी केला आहे का?

आपल्या भागातल्या बायांच्या जनुकांचा माझ्या पाहण्यात नाही, पण त्याहून मूलभूत अभ्यास विदर्भातूनच झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत घरोघरच्या ६५० बाया तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी ३.६. त्यांच्यातल्या फक्त ८ टक्के बायांची आधी कधी अंतर्गत तपासणी झाली होती. दवाखान्यात येणाऱ्यांवरून मोजलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

जनुक अभिव्यक्तीच्या बाबतीत आज तसंच चाललंय. गर्भाशयाच्या पेशींचे जे मोठे नकाशे तयार होत आहेत त्यांत बहुतेक नमुने युरोप-अमेरिकेतले. आपली बाई रक्तक्षयी आहे, उन्हात राबते, कोणी सिकलसेलची वाहक आहे. तिच्या अस्तराचा बेत तसाच असेल का? परळच्या संस्थेने एंडोमेट्रिओसिसचा अनेक केंद्रांवरचा अभ्यास देशात सुरू केला आहे, ती चांगली सुरुवात म्हणायची. पण नकाशात कोलामाची, गोंडाची, बंजाऱ्याची बाई दिसायला अजून अवकाश आहे.

याने पोटात मुलगा की मुलगी कळतं का?

नाही. गरोदरपणात हा नमुना घेतच नाहीत. आणि तसं सांगणं गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्याने.

कोणी नमुना मागायला आलं तर सही करायची का?

आधी ऐकायचं, मग विचारायचं, मग घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी ठरवायचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला कळेल त्या भाषेत द्यावी लागते. गोंडी, कोलामी, गोरमाटी, जी असेल ती. लिहिता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हवा. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची संमती लागते, शिवाय मुलीचा स्वतःचा होकार वेगळा. आईने सही केली आणि पोरगी नकाराची मान हलवते आहे, तर नमुना घ्यायचा नाही. मधूनच नाही म्हटलं तर कारण द्यावं लागत नाही आणि उपचार बंद होत नाहीत. नीती समितीची परवानगी आहे का, नमुना किती वर्षं ठेवणार, नाव कोणाला दिसणार, निकाल मला सांगणार का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असेल, कारण संशोधनातला एकटीचा आकडा उपचाराच्या उपयोगाचा नसतो. पण हिमोग्लोबिन मोजलं असेल तर ते मागून घ्या.

नमुना दिला तर पैसे मिळतात का?

नमुन्याची किंमत म्हणून नाही. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र देता येते, तसं नियमात आहे. ऐन वेचणीत दिवस मोडून कोणी बोलावत असेल तर त्या दिवशी किलोमागे जो भाव चालू असेल तो धरूनच हिशेब सांगा, आणि जमत असेल तर संक्रांतीनंतरची तारीख मागा.